झेंड्याच्या नावाने गाजरं

३ मार्च, सोमवार

उतरवलं मला! एकोणीस वर्षं क्रेनवर बसलो आणि आज हातमोजे वाटायच्या खिडकीत नेऊन बसवलं. "तात्पुरतं आहे," साहेब म्हणाले. तात्पुरतं म्हणे! साखर दोनशे शहाऐंशी, तीही उपाशीपोटी. वर डोळे धूसर. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून टाकलं – उंचीवरचं काम बंद. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणार. ठीक निघालो तर क्रेन माझी, नाहीतर मरेपर्यंत हातमोजे.

हे केलं कोणी ते मला पक्कं ठाऊक आहे. मागच्या महिन्यात लोखंडी पत्रे उतरवताना खालून मूठ दाखवली – म्हणजे थांब – आणि मी हातभर पुढे नेलं. पत्रे शेजारच्या ढिगाला घासले. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण दोनच दिवसांत साहेबांचं बोलावणं, रक्त काढ, डोळे तपास! तेव्हा यार्डात होतं कोण? वर मी आणि खाली झेंड्या. तिसरं माणूस नाही.

झेंड्या! पूर्वी लाल-हिरवे झेंडे घेऊन खालून इशारे करायचा, म्हणून हे नाव मीच पाडलं. एकोणीस वर्षं मी त्याचे हात बघून लोखंड हलवलं. आणि हा जाऊन चुगली करतो.

४ मार्च

झोप नाही. जेवण नाही. त्याचं तोंड आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

६ मार्च

डॉक्टरीणबाईंनी खडसावलं. मी म्हटलं गोळ्या नकोत, नुसतं खाणं सुधारून दाखवतो. "गोळ्याही घ्यायच्या आणि खाणंही सुधारायचं. इथे शौर्य दाखवू नका," म्हणाल्या. मग यादी दिली. बाटलीतलं गोड पाणी बंद, बिस्किटं बंद, मैद्याचा पाव बंद, चहात साखर नाही. धान्य कोंड्यासकट, फळ सालीसकट, कडधान्य रोज, कच्ची भाजी जेवणाआधी. जेवल्यावर वीस मिनिटं चाल. रात्री दहाच्या आत झोप.

यादी घेऊन बाहेर आलो तर झेंड्या समोर! "काय म्हणाल्या रे बाई?" विचारतोय. वर तोंड करून! मी तोंड फिरवून पुढे गेलो.

तीन महिने. बघच तू.

९ मार्च, रविवार

हिला यादी दाखवली. ही भाजी निवडायच्या शेडमध्ये कामाला. वाकडीतिकडी, दोन तोंडांची गाजरं कोणी घेत नाही, ती घरी आणते. आज पिशवीभर आणली. "खाणार का खरंच? की चार दिवसांचं नाटक?"

खाणार म्हटलं. एकेक घास बत्तीस वेळा चावायचा, आणि चावताना झेंड्याचं नाव घ्यायचं. जबडा दुखला पण बरं वाटलं!

१४ मार्च

चहा बिनसाखरेचा. थू!

१७ मार्च

खिडकीत हातमोजे घ्यायला येतात ती पोरंटोरंसुद्धा आता मला "काका" म्हणतात. वर होतो तेव्हा "उस्ताद" म्हणायची. आज एकाने विचारलं, "काका, डाव्या हाताचा जास्तीचा आहे का?" मी म्हटलं, "आहे, गालावर देऊ?" पळाला.

क्रेनवर एक नवशिक्या आणलाय. भार झोपाळ्यासारखा हलवतो. मी खिडकीतून बघतो आणि दात खातो. दात खाल्ल्याने साखर वाढते का, बाईंना विचारायला हवं.

२३ मार्च, रविवार

चालायला झेंड्याच्या गल्लीतूनच जातो. मुद्दाम. त्याने रोज बघावं मला. आज दारात स्टुलावर बसून बूट पुसत होता. "बारीक झालास रे!" ओरडला. मी मान ताठ ठेवून गेलो. दुसऱ्या फेरीलाही तिथूनच गेलो. तिसऱ्या फेरीला तो आत गेला होता, तरी गेलो.

२ एप्रिल

उपाशीपोटी एकशे अठ्ठावन्न! ही नुसती हसली. मी विचारलं, "हसायला काय झालं?" "काही नाही," म्हणाली, "मूग भिजवलेत, उद्याचे."

इतक्या वर्षांत माझ्या डब्याकडे हिने कधी एवढं लक्ष दिलं नव्हतं. शिवाय झेंड्याला शिव्या दिल्या की गप्प बसते. पूर्वी म्हणायची, जाऊ द्या हो. आता तेही म्हणत नाही. हिलाही राग आला असणार त्याचा.

११ एप्रिल

हत्यार सापडलं!

खरं तर दोन वर्षं माझ्या खिशातच होतं. झेंड्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. वॉकीटॉकी कायम उजव्या कानाला. डावीकडून भोंगा वाजला तरी मान वळत नाही. मी वरून दोनदा-तीनदा सांगायचो, कोणाला कळू द्यायचो नाही. मैत्री! सांभाळून घेतलं गाढवाला.

नियम आहे – यार्डातल्या कोणाच्या तब्येतीबद्दल शंका असेल तर कोणीही साहेबांना लेखी देऊ शकतं. नाव बाहेर जात नाही. त्याने मला जसं उतरवलं, तसंच मी त्याला काढणार. पण आत्ता नाही. आधी मी वर चढणार, मग त्याची चिठ्ठी. खिडकीतला हातमोजेवाला कुरकुरतोय असं कोणी म्हणता कामा नये.

आज घास गोड लागला. पालेभाजी होती, तरी!

२८ एप्रिल

सात किलो उतरलो. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. पायाची जळजळ गेली. सकाळी सहाला आपोआप जाग येते. रागाने माणूस खंगतो म्हणतात, मी तर टुणटुणीत होत चाललोय!

६ मे

झेंड्या खिडकीवर आला. हातमोजे हवेत म्हणे. दिले. जाईना. "एकदा बसून बोलू या का रे?" मी म्हटलं, "नाव लिही, सही कर, मागे रांग आहे." मागे कोणी नव्हतं. त्याने सही केली आणि गेला.

उजवा हातमोजा इथेच विसरला. मी हाक मारली नाही. मारली असती तरी त्याच्या डाव्या बाजूला होतो.

१९ मे

नात्यातल्या लग्नात जेवण होतं. मेव्हण्याने ताटात गोड वाढलं. "एका दिवसाने काय होतंय?" मला म्हणतो! ताट बाजूला सारून काकडी खात बसलो. सगळे बघत होते. बघू देत. त्यांना कुठे माहीत, मी कोणासाठी उपाशी आहे ते.

५ जून, गुरुवार

पास! पास! पास!!

साखरेची तीन महिन्यांची सरासरी सहा पूर्णांक दोन. डोळे ठीक. डॉक्टरीणबाई कागदावर सही करताना म्हणाल्या, "असा माणूस मी पाहिला नाही. काय केलंत?" मी म्हटलं, "गाजरं खाल्ली." कशी खाल्ली ते सांगितलं नाही.

गोळी मात्र चालू ठेवायची. असू दे.

सोमवारी क्रेनवर.

९ जून, सोमवार

वर चढलो. एकशे बारा पायऱ्या, एकदाही न थांबता! खुर्चीवर बसलो, दांडा हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू?

खाली झेंड्या उभा. वर बघून दोन्ही हात उंचावले त्याने, अंगठे वर. हे इशाऱ्यात नाही बसत. मी भोंगा वाजवला, काम सुरू कर म्हणून.

सुट्टी झाल्यावर चिठ्ठी दिली. साहेबांनी वाचली. पुन्हा वाचली. "विचार केलाय ना तुम्ही?" केलाय म्हटलं. तीन महिने रोज करतोय.

१२ जून

झेंड्याचा कान तपासला. डावा जवळजवळ गेलेला, उजवाही अर्धा. यार्डातून बाद.

उट्टं निघालं. घरी आलो, मूठभर शेंगदाणे खाल्ले, वीस मिनिटं चाललो. त्याच्या गल्लीतून नाही गेलो. गरज काय आता?

१६ जून, सोमवार

खाली नवीन माणूस. हात नीट करतो. काम झालं.

१८ जून, बुधवार

साहेबांकडे सहीला गेलो होतो. न राहवून बोललो – "आता कळलं असेल झेंड्याला, लेखी दिल्यावर काय होतं ते." साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"झेंड्याने काय लेखी दिलं होतं, माहीत आहे तुम्हाला?"

फाइल उघडून समोर सरकवली. त्याचंच अक्षर. पत्रे घासले त्या दिवशीचं. 'इशारा माझ्याकडून उशिरा झाला. क्रेनचालकाची चूक नाही.' खाली ठपका, त्याच्या नावावर. "पहिला ठपका नसता तर कान तपासून इथेच कुठे तरी बसवला असता," साहेब म्हणाले. "दोन गोष्टी झाल्यावर माझ्या हातात राहिलं नाही. घरी पाठवावं लागलं."

मी विचारलं, मग माझी तक्रार केली कोणी? "नाव सांगता येत नाही. तुमचंही मी कोणाला सांगणार नाही. यार्डातलं कोणी नव्हतं, एवढंच."

यार्डातलं नाही तर कोण? मी त्या दिवसाचं दुसऱ्या कोणाजवळ बोललोच नव्हतो. फक्त घरी.

१९ जून

हिला विचारलं. कोबी चिरत होती. हात थांबला नाही. "हो, मीच गेले होते साहेबांकडे. तुम्हीच नाही का हसत सांगितलंत, एकाच्या दोन मुठी दिसल्या म्हणून? खाली भाऊजी उभे असतात हो. जीव गेला असता त्यांचा तुमच्या हातून."

मग इतके दिवस मला बोलली का नाहीस?

"रागाने का होईना, जेवत तरी होता नीट."

कोबी ताटात वाढला. बसलो. जरा वेळाने तीच म्हणाली, "भाऊजींच्या घरी जाऊन आले आज. त्यांच्यावर कोणी लिहून दिलं, कळलं का हो काही?"

नाही म्हणालो.