गाडी क्र. ७ चे चार जुने प्लग परत मिळणेबाबत

प्रति,
मा. वाहन अधिकारी,
सुरस शालेय आहार संस्था,
बुधवार पेठ, पुणे.

विषय: कपाटात कुलूपबंद असलेले चार जुने स्पार्क प्लग परत मिळणेबाबत.
संदर्भ: आपला तिसरा मेमो, शेरा: 'चालकास चढावर गाडी चालवता येत नाही.'

महोदय,

अर्जदार द्वारका गंगाधर इंगोले ही आपल्या संस्थेचा छोटा ट्रक, गाडी क्र. ७, अकरा वर्षे चालवते. कोथरूडच्या स्वयंपाकघरातून खिचडीचे डबे भरायचे आणि चढ ओलांडून बावधनकडच्या चार शाळांत मधल्या सुट्टीआधी पोचवायचे, हे तिचे काम. गेल्या महिन्यात खिचडी तीनदा उशिरा पोचली, तीनदा मेमो आला. सोमवारी खराडीच्या वर्कशॉपमध्ये गाडीसह चौकशीस हजर राहावे, अन्यथा सेवा समाप्त समजावी, असे तिसऱ्यात फर्मान आहे.

१. उशीर का झाला, हे कोणी विचारले नाही. न विचारता सांगणे भाग आहे. गाडीचे प्लग पार झिजले आहेत. गाडी सीएनजीवरची, मागे सहाशे किलोचा भार. रिकामी असली की शहाण्यासारखी चालते, भरली की चढावर मिसिंग मारते, धक्के खाते आणि बंद पडते. मिस्त्री रावसाहेब यांनी प्लग काढून दाखवले. टोके झिजून बोथट झालेली, मधली फट एवढी वाढलेली की ठिणगी पडते हेच नवल.

२. अर्जदाराने रीतसर नवे प्लग मागितले. आपल्या कार्यालयाने कळवले की प्लग चाळीस हजार किलोमीटरला बदलतात आणि मागचे बसवल्यापासून गाडी नऊ हजारच चालली आहे. अहो, गाडीचा मीटर दोन वर्षांपूर्वी बंद पडला! तेव्हाही अर्ज दिला होता, तो कोणत्या फाइलीत झोपला आहे देव जाणे. तीन लाख बारा हजारांवर आकडा जो थांबला तो थांबला. म्हणजे आपल्या कागदावर गाडी दोन वर्षे जागची हललेली नाही. मग न हललेली गाडी उशिरा कशी पोचली, याचा खुलासा मेमो लिहिणाऱ्यांनीच करावा.

३. अर्जदाराने दोन वर्षांच्या फेऱ्यांची वही, शाळांच्या शिक्क्यांसह, टेबलावर आणून ठेवली. तेव्हा गाडी हलते हे मान्य झाले. मात्र दुसरा नियम निघाला: जुना माल जमा करा, मग नवा मिळेल. यावर विश्वास ठेवणे ही अर्जदाराची चूक. काल शाळा उरकून तिने चारही प्लग काढले, फडक्यात गुंडाळले आणि बसने बुधवार पेठेत आणून स्टोअरकीपर श्री. श्रीधर जोगळेकर यांच्या हवाली केले. त्यांनी पावती दिली, प्लग कपाटात ठेवले, कुलूप लावले आणि मग सांगितले की नवे प्लग चालती गाडी वर्कशॉपमध्ये तपासल्यावरच मिळतात. चालती! प्लग कपाटात आणि गाडी चालती! ओढून आणते म्हटले, तर ओढून आणलेली गाडी भंगारात धरली जाते, असे उत्तर मिळाले. वर, बाई, नियमावर चिडून काय उपयोग, हा सल्ला फुकट.

४. आज गाडी उभी आहे. शाळांत रिक्षातून बिस्किटे गेली. शाळेत वाढपाचे काम करणाऱ्या वेणूबाईंचा फोन आला की पहिलीची पोरे ताटल्या पुढ्यात घेऊन बसून राहिली, उठेनात.

५. आता मेमोतल्या शेऱ्याबद्दल. चढावर गाडी चालवता येत नाही म्हणे! अर्जदार वगैरे राहू द्या साहेब, मी सांगते. तोच चढ मी अकरा वर्षे रोज चढते आहे. भर ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडली, मागे बस चिकटलेली, तेव्हा हँडब्रेकवर धरून वीतभरही मागे सरकू दिली नाही. एका डब्याचे झाकण उडाले नाही. आपल्यापैकी कोणी त्या केबिनमध्ये कधी बसला आहात? नोकरी जाईल ती जाईल, पण हा शेरा घेऊन मी घरी जाणार नाही.

सबब विनंती की, नवे प्लग नकोत. माझे जुने चार परत द्या. सोमवारी सकाळी ते लावते, गाडी भरते, आणि खराडीच्या आधी शाळांची फेरी करते. आपण शेजारच्या सीटवर बसावे. गाडी चढावर बंद पडेलच. तेव्हा घाई करू नये. मी कशीबशी शाळेपर्यंत आणीन. चौथा मेमो कोणाच्या नावाने लिहायचा, हे आपण तिथे उतरून, ताटल्या घेऊन बसलेल्या पोरांसमोर ठरवावे.

आपली, अजून तरी नम्र,
द्वारका गंगाधर इंगोले
चालक, गाडी क्र. ७
पुणे, शुक्रवार, दि. १२ सप्टेंबर २०२५

सोबत:
१. तीन मेमो.
२. बंद मीटरचा फोटो, व दोन वर्षांपूर्वीच्या अर्जाची पोच.
३. प्लग जमा केल्याची पावती. ती परत घ्यावी व प्लग द्यावेत.