माझ्या धाकट्या जावेच्या हाडांबाबत

मी सपिदिया, दिवंगत इयादर यांची विधवा, धंदा लोकर रंगवण्याचा, राहणार हद्रुमेटुम, बंदरामागची गल्ली. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावे. कोणाच्याही दडपणाशिवाय पुढील व्यवस्था लिहून ठेवते.

१. घर, भट्टी आणि रंगाचे हौद टुनिनाला. ती आमची दासी होती. तिला मी पूर्वीच मुक्त केले आहे. कारण कलम दोनमध्ये येईल.

२. माझी पितळी धूपदाणी वेनुस्तुस यास. तिचा वापर त्याला ठाऊक आहे. रोमच्या सम्राटाच्या मूर्तीपुढे सर्वांनी धूप जाळावा असा हुकूम सुटला, तेव्हा ख्रिस्ताच्या मंडळीचा हा पुढारी रांगेत पहिला होता. त्याच मंडळीतली माझी धाकटी जाऊ बारिका रांगेत नव्हतीच. तिला धरून नेले.

न्यायाधीश वाईट नव्हता, जेवणाची वेळ झाली होती. म्हणाला, "बाई, चिमूटभर धूप टाक आणि घरी जा."

"चिमूटभरच ना? मग टाका की तुम्हीच माझ्या नावानं."

"तसं चालत नाही."

"म्हणजे माझ्यावाचून अडलंय म्हणा!"

मी पुढे होऊन ओरडले, "साहेब, ही वेडी आहे! सोडा तिला!"

बारिका वळून म्हणाली, "जाऊबाई, आपल्या घरात वेडं कोण, ते गल्लीला विचारा."

लोक हसले. न्यायाधीशही हसला, आणि हसतहसतच शिक्षा सांगितली. दुसऱ्या दिवशी वेशीबाहेर तलवारीने तिची मान उडवली. मंडळीतले कोणी फिरकले नाही. मी तिच्या देवाला कधी मानले नाही, तरी प्रेत मी आणि टुनिनाने उचलले. न्हाऊ घातले, हातांचा निळा रंग मात्र निघाला नाही. तेव्हापासून भट्टीवर माझ्याशी भांडायला कोणी नाही.

३. वेनुस्तुसला मंडळीने माफ केले. आता तो दरवर्षी तिच्या थडग्यापाशी सांगतो, की मरताना तिच्या अंगाला गुलाबाचा वास येत होता. मी जवळ होते. लसणाचा येत होता. मागच्या महिन्यात तो घरी आला.

"आजी, बारिकाबाईंच्या अस्थी आम्हाला द्या. वेदीखाली ठेवू, लोक पाया पडतील."

"आणि मी मेल्यावर माझ्या?"

"तुम्ही... मूर्तिपूजक ना, आजी."

४. म्हणून अखेरची इच्छा. मला दहन करू नये. बारिकेच्याच थडग्यात पुरावे. वर्ष उलटल्यावर टुनिनाने आम्हा दोघींची हाडे एकाच रांजणात भरून नीट ढवळावीत, आणि मग तो रांजण वेनुस्तुसला खुशाल द्यावा. लोकांनी मनोभावे पाया पडावे. माझी हरकत नाही.

वाचून ऐकले, बरोबर आहे. सही येत नाही, निळा अंगठा उठवला आहे.

साक्षीदार: बोंकार, पाववाला; मिग्गिन, नावाडी (हसू आवरल्यावर सही केली); आणखी पाच शेजाऱ्यांचे शिक्के.

हद्रुमेटुम, नोव्हेंबरची तीन तारीख, ऑलिव्हची तोडणी चालू असताना.