आधी नियम, मग पाणी

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी. आमचं 'आरिक' सॉफ्टवेअर गावोगावच्या पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावून देतं. फुकट, सगळ्यांना खुलं. ते वापरायचं कसं, याचं पुस्तक मात्र नाही. ते आम्ही इथले, राजधानी बिश्केकचे पाच स्वयंसेवक लिहिणार. एप्रिलमध्ये पाणी सुटायच्या आत ते तलासच्या खेड्यांत पोचायला हवं. नाहीतर पाटकरी भलताच आकडा टाकणार आणि खालच्या आळीचा लसूणघास वाळणार. वयाने मी थोरला, म्हणून प्रमुख. ठरलं : आधी लिहिणाऱ्यांसाठी नियमावली. आठवड्यात हातावेगळी करतो.

१६ फेब्रुवारी
नियमावली चालू आहे. पाया भक्कम हवा. आमच्या गटातली चोलपोन म्हणाली, दादा, एक पान पुरे की. पोरगी हुशार, पण उतावळी.

२७ फेब्रुवारी
ऑनलाइन बैठक. एकसष्ट नियम मोठ्याने वाचले. एकाचीही हरकत नाही. सगळ्यांचे कॅमेरे बंद होते, एकाग्रतेसाठी असणार. बायको, बुरूल, स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, तुम्ही वयाने मोठे म्हणून ऐकून घेतात बिचारे. तिला तांत्रिक बाबी कळत नाहीत.

८ मार्च
महिला दिन. बुरूलला फुलं आणायची राहिली.
चोलपोनने अख्खं पुस्तक लिहून पाठवलं. तलासला माहेरी जाऊन, म्हाताऱ्या सदीर पाटकऱ्याशेजारी बसून लिहिलंय. उत्तम आहे. परत पाठवलं. मथळे नियम एकोणीसप्रमाणे नाहीत. शिवाय नियम चाळीस : दोन जुन्या सदस्यांच्या मंजुरीशिवाय एक ओळ बाहेर जाणार नाही, आणि नियम बदलायलाही दोघंच लागतील. हा मला आंघोळ करताना सुचला. तसा संगणकात बसवूनही टाकला.

२१ मार्च, नोरूझ
सणाचं जेवण आमच्याकडे. गटातल्या एरमेकने तळलेल्या बोर्सोकची परात एकट्याने संपवली आणि म्हणाला, वहिनी, नियमावली तुम्ही लिहायला हवी होती. थट्टेखोर आहे. चोलपोन हळूच म्हणाली, दादा, पुस्तक तेवढं सोडा ना, पाणी काही थांबायचं नाही. म्हटलं, आधी नियम मंजूर होऊ देत.
जेवणं झाल्यावर उभा राहिलो, नियमावलीबद्दल चार शब्द बोललो आणि थोरला म्हणून आशीर्वाद दिला. सगळ्यांनी ओंजळी चेहऱ्यावरून फिरवून 'ओमिन' म्हटलं. नोंद : नियमावली एकमताने मंजूर.
बुरूल भांडी घासताना म्हणाली, अहो, जेवणानंतरचा आशीर्वाद तो. दस्तरखानावर बसून आशीर्वादाला कोण नाही म्हणेल? तशी ती प्रत्येक यशाला नाट लावते.
पुस्तक आता मंजूर नियमांप्रमाणे पुन्हा लिहावं लागेल. चोलपोनला कळवलं.

६ एप्रिल
चोलपोनचा निरोप. दादा, रागावू नका, नोकरीत काम वाढलंय, थांबते. एरमेकचंही काम वाढलंय. उरलेल्या दोघांचंही. चौघांनीही सदस्ययादीतून नावं काढून घेतली. एकाच आठवड्यात सगळ्या बिश्केकात कामं वाढलेली दिसतात. देशाच्या दृष्टीने चांगलं आहे.

२० एप्रिल
सदीर पाटकऱ्याचा फोन. पाणी सुटलं. अंदाजाने आकडे टाकले. वरच्या आळीला दोनदा पाणी, खालचीला थेंब नाही. रात्री फावडी निघाली. त्याच्या धाकट्या भावाचा हात मोडला.
म्हातारा शांतपणे म्हणाला, पोरा, आमच्या चोलपोननं लिहिलेलं पुस्तक येणार होतं ना रे? गावाला मीच सांगितलं होतं, थांबा, येतंय म्हणून.
मी म्हटलं, नियमावली पूर्ण झाली आहे.
कसली?
पुस्तक कसं लिहायचं याची.
म्हातारा म्हणाला, बरं, तब्येतीला जप.

४ मे
चोलपोनचं पुस्तक आहे तसं प्रसिद्ध करायचं ठरवलं. मथळे गेले खड्ड्यात. बटण दाबलं. संगणक म्हणतो, आणखी एका जुन्या सदस्याची मंजुरी हवी. जुना सदस्य मी एकटाच उरलोय. नियम चाळीस काढायला गेलो. त्यालाही दोघं लागतात.
शेवटी चोलपोनला फोन केला. म्हटलं, परत ये, एक बटण दाबायचंय फक्त. ती म्हणाली, दादा, गावानं तुमचं 'आरिक' काढून टाकलं. सदीरआजोबांना पाटाच्या कामावरून काढलं. आता कुणासाठी दाबू? आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
फार वाईट वाटलं. जेवलो नाही.
दुपारभर नियमावली पहिल्यापासून वाचली. चूक कुठे आहे ते सापडलं नाही. विचारायलाही कुणी उरलेलं नाही.