चौथा स्क्रू

आई, आज रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तपासणीच्या खाटेचा गंजलेला स्क्रू काढून आलो. माझ्या आधी कुणीतरी अरुंद पात्याच्या पेचकसाने झटापट करून त्याची खाच अर्धी खाऊन टाकली होती. तरी निघाला, आणि परत लावण्याजोगा निघाला. डॉक्टरांनी विचारलं, कुणाच्या हाताखाली शिकलात? कुणाच्याच नाही, म्हटलं. ते खरं आहे, आणि सांगताना माझी मान जरा ताठ होते हेही खरं आहे. पण सायकलवरून परत येताना तू आठवलीस. न्हाणीच्या दाराआड अडकलेली.

मे महिना होता. ताईला बघायला उमरेडहून पाहुणे यायचे होते, म्हणून आदल्या दिवशी बाबांनी न्हाणीच्या दाराला हिरवा ऑइलपेंट दिला होता. दाराला दिला तो दिला, आतल्या लोखंडी बोल्टलाही दिला, त्याच्या चारही स्क्रूंच्या डोक्यांवरही फासला. मी तेव्हाच म्हटलं होतं, बोल्ट काढून घ्या आधी. "मोठा आला इंजिनिअर," बाबा म्हणाले. तू सकाळचा स्वयंपाक अर्ध्यात टाकून आंघोळीला गेलीस, बोल्ट दणका देऊन सारलास आणि मग तो काही केल्या मागे येईना. त्याची मूठ तुझ्या हातात तुटून आली.

दार आत उघडणारं. न्हाणी एवढीशी, टाकं आणि तू, बस. बाहेरून धक्का मारला असता तर दार तुझ्याच अंगावर आलं असतं. हे मी बाबांना समजावतोय आणि बाबा घामाघूम होऊन ओरडतायत, "पाहुणे उमरेडच्या गाडीत बसले असतीन! तोडून टाक ना गा!" आतून तुझा आवाज येतो, "काहून बोंबलून राहिले तुम्ही? माझं लुगडं तरी नेसू द्या." बाबा तणतणत घरमालकाकडे दार उचकटायची लोखंडी सब्बल आणायला गेले. मला वेळ होता तो त्यांच्या जाण्यायेण्याचा.

मागच्या बोळात जाऊन मी झरोक्यातून दोरीने पेचकस सोडला, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी सोडली. मग दाराला कान लावून सांगू लागलो. आधी केसांतला आकडा काढ, खाचेतला रंग खरवड, अगदी तळापर्यंत. आता तेलाचा एकेक थेंब. थांब. मुरू दे.

"लोणचं आहे का हे?"

"तसंच समज. आता पेचकस सरळ धर, तिरपा नाही. पातं खाचेत हललं नाही पाहिजे. धुण्याच्या मोगरीने पेचकसाच्या मुठीवर हळू ठोक. गंज सुटतो त्यानं."

टक, टक. तुझे ठोके माझ्याहून हलके होते.

"आता आधी आवळ. केसभर."

"आवळू? मले बाहेर काढून राहिला का कायमचं ठेवून राहिला?"

"आई, आवळल्याशिवाय सुटत नाही तो. सगळं वजन पेचकसावर टाक, आणि मग डावीकडे."

बराच वेळ नुसता तुझा श्वास. मग कर्र असा आवाज, आणि थोड्या वेळाने तांब्यात ठण्. पहिला स्क्रू. तू हसलीस. दुसरा, तिसरा. मध्ये एकदा पेचकस सटकला तेव्हा मी जोरात ओरडलो, आणि तू म्हणालीस, "तुह्या बापासारखा नको करू गा." चौथ्याचा ठण् मी स्पष्ट ऐकला. सुटलीस, असं मनात म्हणतोय तोच बाबा सब्बल घेऊन अंगणात आले.

पण दार उघडलं नाही.

मी वाट पाहिली. आत पाण्याचाही आवाज नाही. मग टाक्याच्या काठावर कुणी टेकावं तसा बांगड्यांचा बारीक आवाज. चुलीवर वरण होतं, कणीक मळायची होती, ताईची वेणी घालायची होती, आणि सकाळपासून त्या घरात प्रत्येक जण तुलाच हाक मारत होता. बाबा म्हणाले, "निघाले का?" मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. म्हटलं, "एक राहिला आहे."

"हट बाजूला!"

"आता जोर लावला तर डोकं तुटेल त्याचं. मग बसा दिवसभर."

"इतका वेळ? कसला गा तू कारागीर!"

ते मला लागलं, आई. चारही स्क्रू माझ्या सांगण्याने शाबूत निघाले होते आणि मला ते सांगता येत नव्हतं. तेवढ्यात पाठीमागे मोगरीचा आवाज आला. टक, टक. थांबून पुन्हा टक. तिथे ठोकण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. बाबांनी सब्बल भिंतीला टेकवली आणि ते फाटकाकडे बघत बसले.

तू बाहेर आलीस ती तोंड धुऊन, कुंकू नीट करून. बाबांना म्हणालीस, "चौथा लय हट्टी होता." चारही स्क्रू माझ्या हातावर ठेवलेस. एकाचीही खाच खाल्लेली नव्हती. माझ्याकडे पाहिलं नाहीस, सरळ कणकेच्या परातीशी जाऊन बसलीस. नंतर आपण त्यावर कधी बोललो नाही, आणि तू तिथे बसून काय केलंस ते मी कधी विचारलं नाही.

आता माझ्या घरी न्हाणीच्या दाराला पितळी बोल्ट आहे. मीच बसवलाय, दर महिन्याला तेल देतो, एका बोटाने सरकतो. काल दुपारी दुकानातून माणूस मला बोलवायला आला, पोरं हाका मारत होती, बायको दारावर थापा मारत होती. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसलो होतो. आतून सांगितलं, थांबा गा जरा, बोल्ट अडकला आहे.