दसऱ्याला बंद पडलेला बोर्ड

दसरा, २००७. अंबत्तूर

कालच्या पूजेसाठी बंद ठेवलेलं सगळं आज कारखान्यात सुरू झालं, फक्त माझा बोर्ड नाही. तळहाताएवढा कॉम्प्युटर, पण आम्ही बनवलेला वजनकाटा त्याच्यावरच चालतो, आणि गिऱ्हाईक उद्या तो न्यायला येणार. लाल दिवा लागतो, चालू झाल्याचा हिरवा लागत नाही. वायर बदलली, सप्लाय बदलला, मेमरी कार्ड नवीन घातलं. तोच लाल दिवा. सोबतचा इंजिनिअर सेल्वम, त्याच्यावर दिवसभर खेकसलो, तूच काहीतरी हलवलं असशील म्हणून.

संध्याकाळी त्यानं टॉर्च मारून विचारलं, "सार, आत चंदन कुणी लावलं?"

मी. आणखी कोण? काल आयुधपूजेला, म्हणजे इकडच्या खंडेनवमीला, त्यानं बोर्डाच्या बाहेरच्या डब्याला चंदन-कुंकू लावलं, ते मला पटेना. आमच्या घरी खंडेनवमीला गंध हत्याराला लावतात, पेटीला नाही. म्हणून झाकण उघडून बोटभर ओलं चंदन थेट बोर्डावर. ते ओघळून कार्डाच्या खाचेत वाळलंय.

स्पिरिटनं पुसलं. अजून लालच. बोर्ड पंख्याखाली ठेवून घरी आलो. उद्या हिरवा लागू दे, एवढंच मागायला देवापुढे उभा राहिलो, तर समोर चंदनाची वाटी. हात जोडवेनात.