काळी वायर की करडी?

कोल्हापूर, ६ जानेवारी १९८५

चि. कृष्णात यास आबांचे पोटभर आशीर्वाद.

तू पुण्याच्या दुकानात स्वतः जोडलेला स्टिरिओ पोचला. बघायला सगळी गल्ली जमली होती. डेकपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत लावायला तू वायरीच्या दोन जोड्या दिल्यास, काळी जाड आणि करडी बारीक, आणि कानाला बरी लागेल ती ठेवा म्हणालास. दोन्ही लावून बघितल्या. स्पीकरची डावी पेटी खणखणीत, उजवी दबलेली. काळीनं जरा बरं वाटतं, पण डाव्याची बरोबरी न्हाय. तुझी आई म्हणते, दोन्ही सारख्याच वाजतात. तिला डालडा आणि तूपही सारखंच लागतं, तिचं काय धरायचं?

सवडीनं उत्तर टाक, पण टाक.
– आबा

पुणे, १४ जानेवारी

ती. आबांस कृष्णातचा सा. न. वि. वि.

तिळगूळ घ्या आणि निदान आजचा दिवस आईशी गोड बोला.

डेककडून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे येणाऱ्या दोन पिना काढून अदलाबदल करून खोचा. दबका आवाज डावीकडे सरकला, तर बहुधा वायर खराब, नवी पाठवतो. नाही सरकला, तर पेट्या त्यांच्या वायरींसकट उचलून इकडची तिकडे ठेवा. दोष कुठे बसलाय ते असंच सापडतं.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
– कृष्णात

कोल्हापूर, २७ जानेवारी

चि. कृष्णात, आशीर्वाद.

पिना बदलल्या. पेट्या उचलल्या, त्यात कंबर धरली. तरी उजवीकडंच दबतंय. शेजारच्या सयाजीला ऐकायला बसवलं. तो म्हणाला, झ्याक वाजतंय की! पण फुकटच्या चहावर तो काहीही म्हणतो. तेव्हा काळीपेक्षा जाड वायर धाड.

परवा सायकलवरनं शिरोलीला कामावर जाताना पुलावर एक ट्रक उजव्या अंगानं चाटून गेला. ड्रायव्हर उतरून माझ्यावरच खेकसला, केव्हाचा हॉर्न मारतोय म्हणे. खोटारडा! आईला कळवू नकोस.
– आबा

पुणे, ३ फेब्रुवारी

ती. आबांस सा. न.

वायर पाठवत नाही. पिना बदलल्या, पेट्या बदलल्या, तुमची खुर्ची तेवढी तशीच राहिली. ती फिरवा आणि पेट्यांकडे पाठ करून बसा. आता दुसरी पेटी दबकी वाटली, तर आबा, दोष पेटीत नाही.

इतकी वर्षं फौंड्रीत ग्राइंडरच्या त्या आवाजात उभे राहिलात. मला वाटतं, ट्रकवाल्यानं हॉर्न मारला होता. रागवा हवे तेवढे, पण डॉक्टरांना कान दाखवेपर्यंत सायकल काढू नका. माझी शपथ आहे.
– तुमचा कृष्णात

कोल्हापूर, २४ फेब्रुवारी

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

खुर्ची फिरवली. कॅसेट संपली तरी उठलो न्हाय. आईनं विचारलं, भिंतीवर कशाला रुसलाय? तेव्हा तिला सगळं सांगितलं, ट्रकाचंही.

डॉक्टर म्हणाले, उजवा कान मशीननं खाल्ला, तो परत यायचा न्हाय, डावा जपा. आठवडाभर तुझ्यावर धुमसत होतो. मग सायकल सयाजीला देऊन टाकली. बसनं जातो. फोरमननं ग्राइंडरवरनं काढून स्टोअरात बसवलंय. हातांना करमत न्हाय, पण घरी धड येतो.

कुठलीही वायर चालेल, करडीच ठेवली. संध्याकाळी सनईची कॅसेट लावतो. उजव्या पेटीत संबळ आहे म्हणे. तुझी आई उजवीकडं बसून त्याचा ठेका माझ्या गुडघ्यावर बोटांनी धरते. सारखा चुकतो. मी तिला सांगत न्हाय.
– तुझा आबा