मूठभर बोंबलांची जबानी

प्रिय गुरुजी,

तुम्ही असताना तुम्हाला 'प्रिय' लिहायची माझी छाती झाली नसती. 'तीर्थरूप' लिहिलं असतं आणि तुमच्या लाल पेन्सिलीची वाट पाहिली असती. आता कोण तपासणार? म्हणून धीर करतो.

लिहायला बसलो ते तुमच्या सुमनमुळे. परवा आगाशीला तुमचं तेरावं झालं. मंडळी पांगली तशी तिनं मला आतल्या खोलीत बोलावलं. इतक्या लोकांत मलाच का? मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली. तिच्या हातात पिवळे पडलेले दोनतीन कागद होते.

"काका, तुम्ही अर्नाळ्याच्या शाळेतले ना? बाबांच्या सर्व्हिस बुकात शेरा आहे, 'हजेरीच्या बदल्यात मासळी घेतली.' अहो, आमच्या घरात कधी मासळीचा वास नाही आला! आणि ही जबानीची नक्कल बघा. नाव-सही काही नाही, नुसतं 'इयत्ता चौथीतील विद्यार्थी'. कोण असेल हो?"

मी चष्मा पुसला. परत पुसला. मग म्हणालो, "कोण जाणे, पोरी. सत्तर वर्षं झाली त्याला."

गुरुजी, तो विद्यार्थी मी.

तुम्हाला हे ठाऊक होतं, असा माझा जन्मभराचा संशय आहे. होतं ना?

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली होती. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आमच्या वाळूपर्यंत नुकताच पोचत होता. पोर शाळेत गेलं नाही तर बापाला नोटीस, आणि गैरहजर पोरांची नावं वर कळवायची ती मास्तरांनी. कायदा करणाऱ्यांना बोंबील कुठे माहीत होते? होड्या लागल्या की मोठी माणसं मासळी उतरवण्यात आणि पोरं वाळत घातलेल्या बोंबलांवर राखणीला. चौथीच्या वर्गात मग उरायचे ते दुकानदाराचे दोन मुलगे आणि तुम्ही.

तुम्ही आमच्या आईला येऊन काय सांगितलंत, ते मला शब्दन् शब्द आठवतं. "नाव कळवलं तर नोटीस तुम्हाला येईल. नाही कळवलं तर मला येईल. त्यापेक्षा मीच इकडे येतो."

आई म्हणाली, "या की गुरजी. पन कावळे हाकलायचं काम पोरांचंच. ते नाय सुटायचं."

आणि तुम्ही खरंच आलात! ओहोटीला वाळू घट्ट झाली की किनाऱ्यानं चालत यायचात, धोतराचा सोगा एका हातात, हजेरीपट दुसऱ्या हातात. काठ्यांवर बोंबील, खाली आम्ही. पाढे वाळूवर लिहायचे. आणि कविता? काय युक्ती काढली होतीत तुम्ही! प्रत्येक ओळ संपली की सगळ्यांनी एकदम टाळी वाजवायची. ताल तर धरला जायचाच, कावळेही उडायचे. आमच्यातल्या इनासची आई म्हणायची, "गुरजी, आणखीन चार कडवी घ्या, आज कावळे लई झालेत!" तेव्हापासून मला कवितेचं वेड लागलं. आजही चांगली ओळ वाचली की हात आपोआप जवळ येतात.

माझी बहीण जानकी दुसरीत होती. ती टाळ्या सर्वांत जोरात वाजवायची.

धडा संपला की तुम्ही नावं पुकारून 'हजर' लिहायचात. आम्ही हजरच होतो ना गुरुजी? शाळा म्हणजे चार भिंती असं कायद्यात कुठे म्हटलं होतं का, हे तुम्ही तेव्हा कुणाला तरी विचारायला हवं होतं. विचारलं नाहीत. हा माझा पहिला राग.

आता बोंबील. जिथं मासळी वाळते तिथून कुणाला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, ही आमची रीत. तुम्ही पहिल्या दिवशी हात मागे घेतलात तर आई केवढी चिडली! "रिकाम्या हातानं गेलात तं उद्या दर्या आमाला रिकाम्या हातानं धाडंल." मग तुम्ही रुमाल पसरलात. पक्के शाकाहारी तुम्ही! तो रुमाल अंगापासून हातभर लांब धरून चालायचात आणि आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो.

पण मी हसता हसता विचारही करायचो. हे खात नाहीत, मग नेतात कुठे? दहा वर्षांचा असल्यापासून माझा स्वभाव असा. सुमन परवा म्हणाली, शेजारच्या एकट्या म्हातारीला देत असतील. असेल. पण लेकी बापाबद्दल चांगलंच बोलणार.

मग एके दिवशी न सांगता शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. हजेरीपट भरलेला, सतरंज्या रिकाम्या. आठवड्यानं चौकशी लागली. कुणी कळवलं असेल? दुकानदारावर मला अजून शंका आहे, ते राहू द्या.

मला एकट्याला ऑफिसात बोलावलं. तुम्हाला शाळेमागे भेंडीच्या झाडाखाली उभं केलं होतं. दिपोटींनी गोड आवाजात विचारलं, "बाळ, मास्तर किनाऱ्यावर काय करायचे?"

गुरुजी, आता खरं सांगतो. मी त्याच्या आठ दिवस आधी दोन ओळी जुळवल्या होत्या. जानकीखेरीज कुणी ऐकल्या नव्हत्या. आणि इथं एवढा मोठा साहेब आपणहून विचारतोय! मी हाताची घडी घालून म्हणालो,

"ओहोटी लागली, गुरुजी आले;
बोंबील मूठभर घेऊन गेले."

कारकून खुदकन हसला. दिपोटी म्हणाले, "पुन्हा म्हण." मला वाटलं, दाद मिळाली! मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

"हजेरी कधी घ्यायचे?"

"जाताना."

"म्हणजे बोंबील मिळाल्यावर?"

"हो."

एक अक्षर खोटं नव्हतं. पण येणं आणि जाणं यांच्या मधे काय व्हायचं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाढे, कविता, टाळ्या दोन ओळींत बसत नव्हत्या ना! कारकुनानं लिहिलं, मी वळणदार सही केली. तुम्हीच शिकवलेली.

तुमची बदली दूर डोंगरात, मोखाड्याकडे झाली. तुम्ही पुढे कधी हेडमास्तर झाला नाहीत, हे मला परवा कळलं. नवे मास्तर नियमाचे पक्के. त्यांनी नावं कळवली, नोटिसा आल्या, आणि घाबरून बापांनी पोरींची नावंच शाळेतून काढली. जानकी शेवटपर्यंत अंगठा उठवत होती.

सुमनच्या कागदात आणखी एक ओळ आहे. विद्यार्थ्याला समोर बोलावून प्रश्न विचारायची संधी तुम्हाला दिली होती. तुम्ही नकार दिलात. लिहिलंत, "मूल खरे बोलले आहे. त्यास पुन्हा बोलावू नये."

का? तुमचा हक्क होता तो! एकच प्रश्न पुरला असता, "मधे काय करत होतो रे आपण?" मी सगळ्या कविता म्हणून दाखवल्या असत्या, टाळ्यांसकट! मला वाचवलंत की मला जन्मभर टोचत राहावं अशी सोय केलीत? तुमच्या रागापेक्षा तुमच्या चांगुलपणाचाच मला जास्त संशय येतो.

आणि जाताना एसटीच्या पायरीवरून मला काय म्हणालात? "यमक बरं जुळवतोस. पण घाई करतोस." बस्स. हे वर्गातल्या माझ्या वहीबद्दल होतं की त्या जबानीबद्दल? सत्तर वर्षं ते वाक्य मी उलटंसुलटं करून पाहतोय.

परवा मी निघालो तेव्हा सुमन दारापर्यंत आली. चपला घालत होतो, तर म्हणते, "काका, तुम्ही लहानपणी कविता करायचात ना? बाबा सांगायचे."

माझा चपलेतला पाय तसाच राहिला. तिला माहीत आहे का? माहीत असून विचारलं का? घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला गेलेल्या माणसाचाही संशय आणि राहिलेल्याचाही! एकदाचं सांगून टाका तिला."

तर गुरुजी, हे वचन. येत्या रविवारी आगाशीला जातो आणि सुमनला सगळं सांगतो. तो शेरा पुसायला आता कुठलं ऑफिस बसलेलं नाही, पण तुमच्या लेकीच्या मनातून तरी तो जायला हवा. ती म्हणाली तर तिच्या पुढ्यात नवी जबानी लिहून सही करीन.

पण रविवारपर्यंत चार दिवस आहेत, आणि मी मला चांगला ओळखतो. गुडघा दुखेल, पाहुणे येतील, काहीतरी सबब सापडेलच. आजवर सगळ्यांवर संशय घेतला, आता हा शेवटचा स्वतःवर. म्हणून हे पत्र आत्ताच पाकिटात घालून टपालात टाकून येतो. वर नाव तुमचं, पत्ता सुमनचा.

आपला विद्यार्थी, इयत्ता चौथी,
काशिनाथ